बिल द बुचर आणि वाया गेलेली दंगल

'गँग्स ऑफ न्यूयॉर्क' (२००२) म्हटलं की मला फक्त डॅनिअल डे-लुईस आठवतो. काचेचा डोळा, उंच टोपी, हातात सुरा. अंगाभोवती अमेरिकेचा झेंडा गुंडाळून, लिओनार्डो डिकाप्रियोच्या उशाशी बसून तो हळू आवाजात बोलतो, तो सीन बघाच! माणूस सत्तेचाळीस वर्षं जिवंत राहिला तो लोकांना घाबरवून, हे त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर दिसतं.

पण कथा काय? तर बापाच्या खुनाचा बदला. अहो, हे आपण 'जंजीर'पासून (१९७३) बघतोय!

खरा बिल पूल १८५५ मध्येच गेला. ब्रॉडवेवरच्या दारूच्या गुत्त्यात त्याला गोळी घातली ती जॉन मॉरिसीच्या माणसाने. हा मॉरिसी आयरिश, मुष्टियोद्धा, आणि पुढे चक्क अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. पटकथाकारांनी बिलला १८६३ पर्यंत जगवलं. हरकत नाही, सिनेमा आहे. पण मग त्या वर्षाचं काय केलं?

जुलै १८६३. यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती चालू होती. ३०० डॉलर भरले की सुटका, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. १३ तारखेला न्यूयॉर्कमधले गरीब भडकले, त्यात आयरिश बरेच होते. राग श्रीमंतांवर होता, पण सापडले कृष्णवर्णीय. त्यांना दिव्याच्या खांबांना लटकवलं. फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा त्यांच्या मुलांचा अनाथाश्रम जाळला; आतली दोनशेहून जास्त मुलं कशीबशी वाचली. चार दिवसांत शंभरावर माणसं मेली.

म्हणजे बिलसारख्यांचा मार खाल्लेलेच आता दुसऱ्यांना मारत होते. (दंगल थांबवणाऱ्या पोलिसांतही आयरिश होते, हेही खरं.) लेखकांच्या हातात आयतं सोनं होतं! आपला हिरो आयरिश, मग तो त्या जमावात असता तर? तो प्रश्नच ते टाळतात. हिरोच्या टोळीत एक कृष्णवर्णीय मित्र ठेवला, की हिरो स्वच्छ. दंगल मागे जळत राहते आणि हे दोघं आपले सुरे परजून द्वंद्व खेळतात. वर आरमाराच्या तोफा शहरावर डागल्यात, ज्या प्रत्यक्षात कधी डागल्याच नाहीत. दंगल मोडली ती जमिनीवरच्या सैन्याने, त्यातले काही थेट गेटिसबर्गहून आलेले.

असो. ऑस्करची दहा नामांकनं आणि एकही पुरस्कार नाही. गंमत म्हणजे त्या दहात पटकथाही होती! डे-लुईसला तरी द्यायचा होता राव.