मोडी कागदांतील इंग्रजी नांवें : सातारा-सांगलीकडील कांहीं उदाहरणें

मोडी दप्तरांत आढळणाऱ्या इंग्रजी नांवांकडे आपण बहुधा उपहासानें पाहतों. 'इष्टुर' वाचलें कीं हंसून 'स्टुअर्ट' लिहावयाचें, 'जनराल गाडर' दिसला कीं 'जनरल गॉडर्ड' करून मोकळें व्हावयाचें, अशी नकला करणारांची जुनी रीत आहे. कारकुनास इंग्रजी येत नव्हतें, म्हणून त्यानें अशुद्ध लिहिलें, असें या रीतीच्या मुळाशीं गृहीत धरलेलें असतें. या गृहीतांत दोन चुका आहेत. कारकून पुस्तकांत पाहून लिहीत नव्हता, कानानें ऐकून लिहीत होता, ही एक गोष्ट आपण विसरतों. आणि त्याच्या कानांवर पडणारी इंग्रजी ही एकच भाषा नव्हती, ही दुसरी.

साताऱ्याचेंच उदाहरण घेऊं. इ. स. १८१८ मध्यें प्रतापसिंह महाराजांस गादीवर बसविल्यानंतर त्यांच्या दरबारीं कंपनीचा प्रतिनिधि म्हणून राहिलेला कॅप्टन जेम्स ग्रँट हा स्कॉटलंडच्या ईशान्येकडील बॅन्फ गांवीं १७८९ मध्यें जन्मला व ॲबर्डीन येथें शिकला. 'डफ' हें नांव त्यास सातारा सोडल्यावर जोडलें गेलें. त्यास नेमणारा एल्फिन्स्टन हाहि स्कॉच. १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरची वसाहत उभी करणारा गव्हर्नर सर जॉन माल्कम स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीकडला. राज्य खालसा होतांना साताऱ्यास असलेला बार्टल फ्रिअर याचा जन्म वेल्समधील. १८४९ मध्यें साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें झालें. त्याची मूळ संस्था बोस्टनची. सांगलीस १८८४ मध्यें अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन पंथाचें दुसरें मिशन आलें. आणि त्याच मिशनचा, मिरजेच्या रुग्णालयामुळें सर्वश्रुत झालेला डॉक्टर विल्यम वानलेस हा कॅनडांतील ऑन्टेरिओ प्रांतांत १८६५ मध्यें जन्मलेला. कृष्णाकांठच्या एवढ्याशा पट्ट्यांत एका शतकाच्या आंत इंग्रजीच्या चार-पांच तऱ्हा नांदून गेल्या.

या तऱ्हांतील भेद किरकोळ नव्हते. लंडनच्या बोलींत शब्दाच्या मध्यावरील व अंतींचा र कार क्षीण झाला असल्याची नोंद जॉन वॉकर यानें आपल्या १७९१ च्या उच्चारकोशांतच केली आहे. स्कॉच मनुष्य मात्र तो र कार स्पष्ट उच्चारीत असे. अमेरिकेंतहि बोस्टनकडे तो गळे, तर पेनसिल्व्हेनिया व ऑन्टेरिओकडे टिके. 'ग्रँट' या नांवांतला स्वर इंग्लंडच्या दक्षिणेंत लांबत चालला होता, उत्तरेंत आंखूडच राहिला. पुण्याची मराठी व वाळव्याची मराठी यांतील भेद ज्यानें ऐकला आहे, त्यास यांत नवल वाटूं नये.

येथवर सरळ आहे. अडचण पुढें आहे. कागदावरील रूपांत साहेबाच्या बोलीचें किती व लेखकाच्या स्वतःच्या भाषेचें किती, हें निवडावें कसें?

प्रथम आपल्याकडचें वेगळें काढावें. १७७९ मध्यें कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट हा 'इष्टुर फाकडा' झाला. त्यांतील आरंभींचा इ कार त्याच्या मुखांतला नव्हे. संस्कृतांतील 'स्त्री' प्राकृतांत 'इत्थी' होते, तीच ही प्रवृत्ति. जोडाक्षरानें आरंभ होणारा शब्द आपल्या जिभेस अवघड जातो. ट वर्गाच्या संगतीनें स चा ष होणें हा तर पाणिनीचा ष्टुत्वाचा नियमच. तेव्हां 'इष्टुर' मधील 'इष्' हें सर्वस्वीं आपलें आहे, त्यावरून स्टुअर्टच्या बोलीविषयीं कांहींच ठरत नाहीं. तसेंच, मोडींत ॲ आणि ऑ यांचीं चिन्हें नाहींत. म्हणून 'ग्रांट' असें रूप दिसतांच साहेब दक्षिणी इंग्रजी बोलत होता, असें अनुमान करणें फुकट आहे.

आतां उरतें तें पाहावें. महाबळेश्वरच्या बाजारपेठेस 'मालकमपेठ' म्हणतात. त्या नांवाच्या इंग्रजी लेखनांत ल कार दोन आहेत. बोलण्यांत दुसरा लुप्त असतो. आपल्या लोकांनीं एकच लिहिला, म्हणजे जें ऐकलें तें लिहिलें. अक्षरावर विसंबणारा 'माल्कोल्म' करता, आणि तोच चुकता.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मिरजेच्या रुग्णालयाचें नांव 'वॉनलेस' असें लिहितात. पण सांगली व मिरज यांच्या दरम्यान त्याच डॉक्टरच्या नांवानें वसलेली वस्ती 'वानलेसवाडी' म्हणून ओळखली जाते. उत्तर अमेरिकेंत अशा शब्दांतील ऑ पुष्कळ ठिकाणीं आ कडे झुकतो, तेव्हां वाडीच्या नांवांत डॉक्टरचा स्वतःचा उच्चार राहिला असणें संभवतें. परंतु आपला खेडूत 'डाक्टर' व 'हाटेल' हि म्हणतोच! येथें निर्णयाचें साधन एकच. एकाच हातच्या लिखाणांतील सर्व इंग्रजी शब्द बाजूस काढावे. त्या हातानें 'डाक्टर', 'आफीस', 'वानलेस' असें सरसकट लिहिलें असेल, तर तो आ कार लेखकाचा. 'डॉक्टर' व 'ऑफिस' लिहून त्यानेंच 'वानलेस' लिहिलें असेल, तर तो आ कार ऐकलेला असण्याचा संभव बळावतो.

र काराविषयींहि असेंच. 'लाटसाहेब' यांत तो गळाला आहे. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर' या प्रश्नापासून झालेल्या 'हुकुमदार' मध्यें तो आहे, पण तेथें फारसी 'दार' प्रत्ययाच्या भासानें तो आला असावा. सुट्या शब्दावर इमारत उभारूं नये.

हें सर्व मला आधीं कळतें तर बरें होतें. शाळेंत शिकवीत असतांना सुटीच्या दिवसांत सातारा भागांतील एका घरच्या रुमालाच्या नकला मीं केल्या. संस्कृताचा अभिमान व शुद्धलेखनाची मास्तरी संवय, यांमुळें त्यांतील एकूण एक साहेबांचीं नांवें मीं 'शुद्ध' केलीं. मूळ रूप एकाहि ठिकाणीं टिपून ठेवलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं त्या घरीं पुन्हा गेलों, तों रुमालास वाळवी लागून चिंध्या उरल्या होत्या. आज त्या कागदांची जगांत एकच प्रत आहे, ती माझी. आणि नेमक्या या प्रश्नापुरती ती निरुपयोगी आहे. कारकुनानें शंभर-दीडशें वर्षें जपलेला पुरावा एका शिक्षकानें तांबड्या शाईविनाच खोडला.

म्हणून संग्राहकांस व नकला करणारांस तीन गोष्टींची विनंती आहे. परकी नांव कागदावर असेल तसें, काना-मात्रेसह, उतरावें. ओळखलेलें नांव समासांत द्यावें, मजकुरांत घालूं नये. कागद कोठें व कोणत्या सालीं लिहिला गेला आणि हात कितवा, हें नकलेच्या शिरोभागीं नोंदवावें. तसेंच, एका हातच्या इंग्रजी शब्दांची लहानशी यादी शेवटीं जोडावी. श्रम फार नाहींत. ग्रँट किंवा वानलेस कसे बोलत, हें ऐकणारा आज कोणी उरलेला नाहीं. ज्यानें ऐकलें त्या कारकुनाची साक्ष तेवढी कांहीं घरांत अद्याप शिल्लक आहे. ती सुधारून घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं.