गुरुवारची सुट्टी

मंडळी, बाहेरगावचे नातेवाईक पूर्वी आमच्याकडे राहायला आले की त्यांना एका गोष्टीचं हमखास नवल वाटायचं. पिंपरी-चिंचवडला सुट्टी गुरुवारी! रविवारी पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या माणसं भरून धावायच्या, आणि गुरुवारी भाजीबाजारात पिशव्या घेतलेल्या पुरुषांची गर्दी. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये, भार आठवडाभर वाटला जावा, म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले होते. आमच्या वाट्याला गुरुवार आला. शाळेत पालकांना भेटायला बोलवायचं तरी मी गुरुवारच बघायची. एरवी वडील म्हणून कुणी यायचंच नाही.

माझी स्वतःची सुट्टी मात्र रविवारी. मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायची, हे एका कारखान्यात मशीनवर. त्यामुळे आम्हा दोघांची सुट्टी एकत्र यायची ती गणपती-दिवाळीलाच. असो, हे गाऱ्हाणं आत्ताच आठवायला कारण घडलं.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या दिरांचा नातू आमच्याकडे होता. आयटीआय करून चाकणला कंत्राटदारामार्फत कामाला लागलाय. अंगात ताप, डोळे लाल, आणि स्वारी दुसऱ्या पाळीला निघालेली! मी अडवलं, तर म्हणाला, "आजी, खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे जातात." मग मी मास्तरकीच्या सवयीने विश्रांतीचं महत्त्व सांगायला लागले. तो हसला आणि म्हणाला, "ही सुट्टी कुणी दिली गं आपल्याला? त्यांना सांग, पगारासकट द्यायची होती!"

मी म्हटलं, "बाळा, दिली नाही, मागून घेतली. आणि मागणारा तुझ्याच तालुक्यातला."

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८चा, ठाण्याचा. पण घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. शिक्षण बेताचंच. मुंबईत एका कापडगिरणीत ते भांडारपाल होते, म्हणून कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८०पासून 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं.

तेव्हा गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला थांबायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. १८८१चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढाच त्याचा जीव. मोठ्या माणसांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती.

सप्टेंबर १८८४मध्ये लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या आयोगाकडे अर्ज पाठवला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. अर्धा तास! आम्ही शाळेत मधली सुट्टी याहून मोठी द्यायचो.

उत्तर मिळायला जवळजवळ सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि १८९१च्या कायद्याने ती पक्की झाली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही लोखंड्यांनी सांगितल्याचं बोललं जातं. कन्हेरसरच्या शेजारीच निमगावचा खंडोबा आहे, त्यामुळे मला ते खरं मानावंसं वाटतं. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करताच लोखंडे गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. आणि घरी काय करत होते? घराचं कर्ज होतं. गुरुवारी ओव्हरटाइमला गेलं की दुप्पट दर मिळायचा. वहीत हिशेब मीच मांडायची. इतके गुरुवार केले की खिडक्यांना गज, इतके केले की शिलाई मशीन. हे कधी नाही म्हणाले नाहीत. १९८७ साली एका गुरुवारी रात्री यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. सुट्टीशिवायचा तो सलग सोळावा दिवस होता. मधली पूर्ण सुट्टी न देता सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही, असं १९४८च्या कारखाना कायद्यात होतं. ते मला माहीत नव्हतं असंही नाही.

कारखान्याने काम दिलं, यांनी केलं आणि मी पैसे मोजले. मग दोष कुणाचा? लोखंड्यांनी मालकाकडून सोडवून आणलेला दिवस मीच पुन्हा विकला होता. पण दुसरी बाजूही आहे. हप्ता भरायला पगार पुरता, तर मी वही उघडलीच नसती. उपाशी माणसाला विश्रांतीचा उपदेश करणं सोपं असतं. १८८४च्या त्या अर्जात विसाव्याच्या शेजारीच वेळेवर पगाराची आणि इजेच्या दिवसांच्या पगाराची मागणी होती, याचा अर्थ मला फार उशिरा कळला. १९४८च्या कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, तीही त्याच वाटेवरची. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांतही आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही, हा नियम आहेच. पण कागदावरची सुट्टी घ्यायला खिशात त्या दिवसाचे पैसे लागतात.

माझं एवढं व्याख्यान चालू असताना हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. उठले, कपाटातून पैसे काढले आणि त्या तीन बोटांच्या हाताने पोराच्या खिशात कोंबले. म्हणाले, "हा आजचा पगार. आता झोप."

पोरगं ओशाळलं, नको नको म्हणालं, आणि मग संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलं. उठल्यावर मी त्याला मऊ भात आणि मेतकूट दिलं. विम्याचं कार्ड आहे का विचारलं, तर पाकिटात घडी घालून ठेवलेलं निघालं, एकदाही न वापरलेलं! आजारपणाच्या रजेत पगाराचा सत्तर टक्के भाग, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, त्या योजनेतून मिळू शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांचा दाखला कसा घ्यायचा, ते मी त्याला लिहून दिलं.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर विश्रांती घे म्हणण्याआधी त्याचं कार्ड तेवढं बघा.