विवरणपत्राखालची सही

१/ १८५७च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिती झाली होती. ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० रुपयांखालील उत्पन्नास त्यातून सूट होती.

२/ शेतसारा सरकार ठरवी. या करासाठी मात्र करदात्याने आपले उत्पन्न स्वतः लिहून द्यायचे होते.

३/ १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंटच्या व्यवसायाला वैधानिक चौकट लाभली. २००६ मध्ये कंपन्यांना ई-फायलिंग सक्तीचे झाले. पुढे पगारदारांच्या हाती सॉफ्टवेअर आले.

४/ साध्या पगाराच्या हिशेबास सॉफ्टवेअर पुरते. गुंतागुंतीच्या व्यवहारांना जाणकाराची नजर लागते. आकडे कोणीही भरोत, ते खरे असल्याची ग्वाही १८६० प्रमाणे आजही करदात्याचीच असते.