अंमल

उदगीर म्हटले की इतिहासप्रेमी वाचकाला १७६० सालचा फेब्रुवारी आठवतो. सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाला नमविले, आणि पुढल्याच वर्षी पानिपत झाले. जय कोणाचा, मुलूख किती मिळाला, हे सारे आपण वाचतो. जखमी शिपायांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. मोडलेल्या देहाची कळ खरोखर शमवील असे औषध त्या काळी फार थोडे, आणि त्यांत अफू पहिली. आपल्या भाषेने तिची ताकद अचूक ओळखली आहे. राज्याचाही अंमल आणि नशेचाही अंमलच! आमच्या गावावरचा निजामाचा अंमल १९४८ साली उठला. अफूचा अंमल असा एका कारवाईने उठणारा नव्हे. रानात जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला कणभर चाटवून निजवीत, आणि माझ्या आजीच्या बटव्यात गुडघ्यांसाठी तीच काळी गोळी असे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने या अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. पुढे सुई आली, आणि गोळीला लागणारा वेळही उरला नाही. याच मॉर्फीनशी एका माणसाची गाठ पडली, आणि त्याची कथा अखेर महाराष्ट्रात येऊन पोहोचते.

सत्यनारायण गोएंका हे मंडालेत १९२४ साली जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने ते इतके हैराण की मॉर्फीनच्या इंजेक्शनांवाचून निभेना. याचे व्यसन लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. परदेशांतले इलाज झाले, गुण नाही. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू म्हणजे मठातले भिक्षू नव्हेत, ब्रह्मदेशाचे महालेखापाल! डोकेदुखीसाठी आलात तर शिकविणार नाही, असे त्यांनी प्रथम सांगितले. साधना चित्तशुद्धीसाठी आहे, रोग हटविण्यासाठी नव्हे. गोएंकांनी ते मानले, आणि दुखणेही गेले. १९६९ साली त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू आहे.

येथे एका शब्दापाशी थांबावेसे वाटते. मराठीत वेदना म्हणजे दुखणेच. पालीत मात्र वेदना सुखाची असते, दुःखाची असते, आणि दोन्ही नसलेलीही असते. बुद्धाच्या एका सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: पहिला बाण देहाला लागतो, दुसरा, त्या दुखण्याविषयीच्या तळमळीचा, मन आपणच मारून घेते. ध्यान या दुसऱ्या बाणावर काम करते. कंबरेतली कळ म्हणजे एक अखंड राक्षस नव्हे. नीट पाहिले तर कुठे उष्णता, कुठे ताण, कुठे ठणका, आणि तोही कमी-अधिक होणारा. तलफेचेही तसेच. ती चढते, आणि काही काळाने उतरते.

परंतु गोएंकांची कथा ऐकून लोक भलताच धडा घेतात. आमच्या मोंढ्यात पोती वाहून कंबर गेलेले माझे एक स्नेही आहेत. ट्रामाडॉलच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत. (२०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी सवय कायद्याला विचारून लागत नाही.) कोणीतरी त्यांना विपश्यनेची महती सांगितली, आणि त्यांनी गोळ्या एका दिवसात उकिरड्यावर फेकल्या. मग घाम, जुलाब, हाडे फुटल्यासारखा ठणका, तीन रात्री झोप नाही. अशा वेळी ध्यान कसले होणार? शिवाय मोठा धोका पुढेच असतो: काही दिवस सोडलेल्या देहाला जुनी मात्रा सोसत नाही, आणि श्वास थांबून माणूस दगावतो.

म्हणून औषध की ध्यान, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. न्यूयॉर्कात डोल आणि न्यिस्वांडर यांनी १९६५ साली दाखविले की, हेरॉइनच्या व्यसनी माणसाला रोज ठराविक मेथाडोन दिले तर तो पुन्हा कामधंद्याला लागू शकतो. आपल्याकडे गर्दने मुंबई-पुण्याची पोरे गिळायला सुरुवात केली, तेव्हा अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. लं.च्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे केले. सुनंदाबाई स्वतः डॉक्टर; तिथे औषधोपचाराबरोबर गप्पा, गाणे, योगासने यांनाही जागा मिळाली. २०२३ साली अमेरिकेत न्यू जर्सीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेथाडोन घेणारे आणि जुन्या दुखण्याने पिडलेले १५४ जण त्यात होते. काहींना नेहमीच्या उपचारांवर गार्लंड यांनी रचलेल्या सजगतेच्या साधनेची जोड दिली. ते नशेकडे कमी वळले, त्यांचे दुखणे अधिक हलके झाले. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, त्यांनी मेथाडोनही कमी सोडले. ध्यानाने औषध सुटले नाही, टिकले!

आमच्या स्नेह्यांना डॉक्टरांनी पुन्हा गोळीवर घेतले, आणि मात्रा महिन्यामहिन्याने उतरवीत आणली. पहाटे ते अर्धा तास श्वासाकडे लक्ष लावून बसतात. गोळी अजून पुरती सुटलेली नाही. परवा मोंढ्यात भेटले, तेव्हा पोती उचलीत नव्हते. काट्यापाशी बसून वजने लिहीत होते.