डॉक्टर जहाजावर होता, पण माणसं किती भरायची हे कुणी ठरवलं?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, निवांत वाचा. गोष्ट दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आणि परक्या मुलखातली आहे. पण वाचताना आपल्याकडचं बरंच काही आठवेल.

सुरुवात एका ठेक्यापासून करतो. १७९० साली इंग्लंडहून सुमारे हजार कैदी घेऊन जहाजांचा दुसरा ताफा सिडनीला गेला. ठेका मिळाला गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या लंडनच्या एका कंपनीला. दर होता माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. आता यातली मेख बघा. डोकी मोजायची ती जहाजावर चढताना. सिडनीला किती जण जिवंत उतरले, याचा बिलाशी संबंधच नव्हता. उलट वाटेत माणूस मेला की त्याचा शिधा वाचायचा. जवळपास चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले.

या प्रकाराला खरा आळा बसला तो एका डॉक्टरमुळे, आणि तो डॉक्टर स्वतः कैदी होता! त्याचं नाव विल्यम रेडफर्न. ब्रिटिश नौदलात तो सर्जनच्या हाताखाली होता. १७९७ साली नोर इथे खलाशांनी बंड केलं आणि त्यांना साथ दिली म्हणून याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून त्याला ऑस्ट्रेलियाला धाडलं. तिथे माफी मिळवून तो वसाहतीतला नावाजलेला सर्जन झाला.

१८१४ साली 'जनरल ह्युइट', 'थ्री बीज' आणि 'सरी' ही तीन कैदी-जहाजं सिडनीला आली. तिन्हींवर साथीनं माणसं मेली होती. 'सरी'वर तर कप्तानही वाचला नाही. गव्हर्नर मॅक्वारीनं रेडफर्नला चौकशी सांगितली. त्याचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. हवा खेळती ठेवा, डेक कोरडे ठेवा, पुरेसे कपडे द्या, शिधा कापू नका, हे सगळं त्यात आहेच. पण मुख्य मुद्दा वेगळा होता. जहाजावरचा डॉक्टर जर जहाजमालकाचा नोकर असेल, तर तो कप्तानासमोर तोंड उघडणार कसा? म्हणून डॉक्टर सरकारनं नेमावा आणि माणसांच्या बाबतीत त्याला अधिकार द्यावेत.

लंडननं हे ऐकलं. १८१५ पासून कैद्यांच्या जहाजांवर 'सर्जन-सुपरिंटेंडंट' नेमायला सुरुवात झाली. पुढे स्वखुशीनं वसाहतीत जाणाऱ्या गरीब कुटुंबांच्या सरकारी जहाजांवरही हीच पद्धत आली. जहाज कप्तानाचं, माणसं डॉक्टरची, अशी सरळ वाटणी. आणि मोबदला? जिवंत उतरलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक शिलिंग. म्हणजे १७९० चा हिशेब पार उलटा केला.

या डॉक्टरचं काम म्हणजे तीन महिने एक तरंगतं गाव चालवणं. सकाळी सगळ्यांना उठवायचं, अंथरुणं वर डेकवर आणून वाळवायची, खालचा मजला घासून घ्यायचा. अविवाहित पुरुष पुढे, कुटुंबं मध्ये, एकट्या मुली मागच्या बाजूला, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई. प्रवाशांतूनच पहारेकरी निवडायचे. मुलांची शाळा, शिध्याचं वाटप, भांडणं, बाळंतपणं, सगळं त्याच्याच गळ्यात. लोकांना हा जाच वाटायचा. पण यामुळेच ऑस्ट्रेलियाच्या सरकारी जहाजांवर मोठ्या माणसांचं मरण्याचं प्रमाण पुढे फारसं उरलं नाही. लहान मुलं मात्र मरतच राहिली. गोवर, हगवण आणि उपासमार त्यांना सोडत नव्हती.

आता १८५२ सालाकडे या.

आदल्याच वर्षी व्हिक्टोरियात सोनं सापडलं होतं. मेंढपाळ मेंढ्या सोडून खाणीकडे पळाले, शेतावर हात उरले नाहीत. इकडे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाट्याच्या रोगानं उपासमार आणि वरून जमीनदारांनी कुळं हुसकावलेली. वसाहतीला माणसं हवीत, यांना पोट भरायला जागा हवी. पण सगळी दुनिया सोन्यामागे निघाल्यामुळे जहाजं मिळेनात, भाडी कडाडली. तेव्हा लंडनच्या स्थलांतर आयोगानं तोडगा काढला. मोठी, प्रवाशांसाठी दोन मजले असलेली जहाजं घ्यायची. एका फेरीत दुप्पट माणसं, खर्च कमी. मोठ्या कुटुंबांसाठी लहान मुलांच्या संख्येचा नियमही सैल केला.

४ ऑगस्ट १८५२ ला लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडहून 'टायकॉन्डेरोगा' निघालं. अमेरिकेत बांधलेलं, वेगवान जहाज. प्रवासी सुमारे आठशे, बहुतेक स्कॉटिश कुटुंबं. या सगळ्यांचे प्रमुख डॉ. जोसेफ सँगर, आणि मदतीला तरुण डॉ. जेम्स वीच. आठशे माणसांना दोन डॉक्टर.

थोड्याच आठवड्यांत टायफस पसरला. (आपला टायफॉइड नव्हे, हा वेगळा.) अंगावरच्या उवांमधून तो पसरतो, हे शार्ल निकोलनं १९०९ साली दाखवलं. सँगर-वीच यांना ते कळायला मार्गच नव्हता. त्यांच्या हाती होतं ते घासणं-पुसणं, हवा, चुन्याची पूड आणि रुग्णांना वेगळं ठेवणं. पण वेगळं ठेवायला जागा हवी ना! खालच्या मजल्यावर उजेड नाही, वारा नाही. दक्षिणेच्या थंड समुद्रात वादळ आलं की झडपा बंद, वरच्यांचं सगळं पाणी आणि घाण खाली. थंडीनं लोक कपडे अंगावरून काढेनात आणि एकमेकांना बिलगून झोपत. उवांना आणखी काय हवं?

नव्वदेक दिवसांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जहाज पिवळं निशाण लावून मेलबर्नच्या खाडीच्या तोंडाशी पोचलं. वाटेत शंभर माणसं समुद्रात सोडली होती. शेकडो आजारी होते. औषधं आणि पथ्याचं खाणं संपत आलं होतं. डॉ. सँगर स्वतः तापानं आडवे, आणि सगळा भार तरुण वीचवर. मेलबर्नला जायची परवानगी नव्हती. पॉइंट नेपियनच्या किनाऱ्यावर चुनाभट्टीवाल्यांची एक-दोन घरं होती, ती ताब्यात घेतली. बाकीच्यांसाठी शिडांचे तंबू. तिथे आणखी सत्तरच्या आसपास माणसं गेली. नवीन देशात पाय ठेवला तो वाळूत कबरी खणण्यासाठीच. त्या जागेला आज 'टायकॉन्डेरोगा बे' म्हणतात. रुग्णांची सेवा करणाऱ्या प्रवाशांत ॲनी मॉरिसन नावाची एक मुलगी होती. वीचनं पुढे तिच्याशी लग्न केलं आणि दोघं तिकडेच राहिले.

चौकशी झाली. गर्दी आणि हवा नसणं ही कारणं कागदावर आली. पण त्याच बरोबर स्कॉटिश गरिबांच्या अस्वच्छ सवयींकडेही बोट दाखवलं गेलं. म्हणजे अंधाऱ्या मजल्यावर दाटीवाटीनं कोंबायचं, आणि मग म्हणायचं की यांना टापटीप राहताच येत नाही.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्याच वर्षी 'बोर्नफ' हे दुसरं दोन मजली जहाज ऐंशीहून जास्त मृत्यू घेऊन व्हिक्टोरियाला पोचलं, आणि मेलेले बहुतेक लहान मुलं होती. पण ते पोचलं सप्टेंबरमध्ये. बातमी लंडनला जायला पुन्हा तीन महिने. तोवर 'टायकॉन्डेरोगा' पोचलंही होतं. दोन मजली जहाजं घेणं आयोगानं थांबवलं, पण ते सगळं होऊन गेल्यावर.

रेडफर्ननं डॉक्टरला कप्तानाच्या धाकातून सोडवलं, हे फार मोठं काम होतं. पण भाड्याचा दर, मजल्यांची संख्या, माणसांचा आकडा हे सगळं लंडनच्या टेबलावर ठरत होतं. सँगरला माणसांना शिस्त लावायचा अधिकार होता. 'एवढी माणसं मी घेणार नाही' असं म्हणायचा नव्हता.

आणि हे फक्त गोऱ्यांचं नाही बरं का. हाच लंडनचा आयोग आपल्या गिरमिटिया मजुरांच्या जहाजांवरही देखरेख करत होता. तिथेही सर्जन-सुपरिंटेंडंट होते, जिवंत उतरलेल्या डोक्यामागे पैसे होते. तरी १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियन बेटांकडे निघालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के माणसं वाटेत मेली. सहातला एक! आपल्या मुंबई बंदरातूनही मॉरिशसला मजूर गेले. तिथल्या आजच्या बऱ्याच मराठी कुटुंबांचे पूर्वज कोकणातून निघालेले. समुद्रातल्या मेलेल्यांची ना कबर, ना त्यांच्या नावाची खाडी.

आता आपल्याकडे बघा. साठ खाटांच्या वॉर्डात शंभर रुग्ण, जमिनीवर गाद्या, रात्री एक निवासी डॉक्टर. काही विपरीत घडलं की पहिला निलंबित कोण होतो, हे सांगायला नको. खाटा किती, माणसं किती, पदं का भरली नाहीत, या फाईलवर सही करणारा त्या रात्री वॉर्डात नसतो.

चौकशी जरूर व्हावी, डॉक्टरचीही व्हावी. फक्त पहिला प्रश्न हा असावा, की आकडा कुणी ठरवला? आणि ड्युटीवरच्या माणसाला 'आता जागा नाही' असं लेखी म्हणायचा अधिकार होता का?

तुमच्या गावातल्या दवाखान्यात काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये जरूर लिहा.