तुंब्याखालचा मासा

जमिनीखाली एक अजस्र मासा असून तो वळवळला की भूकंप होतो, ही जपानी समजूत अनेकांनी ऐकलेली असते. हा मासा म्हणजे नामाझु: मिशाळ, बिनखवल्यांचा, आपल्या मांगुराच्या जातकुळीतला. काशिमाचा देव त्याच्या डोक्यावर 'कानामे-इशी' नावाची शिळा दाबून धरतो. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो, भूकंपाने हादरलं आणि काही आठवड्यांतच या माशाची लाकडी ठशांची रंगीत चित्रं हातोहात खपू लागली.

माझं कुतूहल चाळवलं ते मात्र त्याहून सुमारे चारशे चाळीस वर्षं जुन्या चित्राने. क्योतोच्या म्योशिन-जी मठातल्या ताइझो-इन मंदिराचं हे शाईचित्र जोसेत्सु या भिक्षूने १४१५ च्या सुमारास शोगुन आशिकागा योशिमोचीसाठी काढलं. पाण्याकाठी एक फाटका माणूस तुंबा धरून उभा आहे आणि पाण्यात नामाझु. गुळगुळीत तुंब्याने बुळबुळीत मासा धरायचा कसा? या झेन कोड्याला ३१ भिक्षूंनी पद्यात उत्तरं दिली. भूकंपाचा मात्र त्यात मागमूस नाही.

पुढे हे कोडं मठातून हमरस्त्यावर आलं. बिवा सरोवराकाठी, तोकाइदो मार्गावर ओत्सु गाव आहे. तिथे वाटसरूंना स्वस्त चित्रं विकत. त्यांत माणसाच्या जागी माकड आलं आणि तुंबा थेट माशाच्या पाठीवर टेकला. ही चित्रं नुसती शोभेची नव्हती. भिक्षूची वस्त्रं ल्यालेल्या राक्षसाचं चित्र रात्री रडणाऱ्या तान्ह्यासाठी लावत. तसाच तुंबा-माशाचाही तोडगा म्हणून उपयोग होई.

आता १८५५ ची चित्रं शेजारी मांडा. खाली मासा, वर दाबणारा, मध्ये गोलसर वस्तू. माकडाचा देव झाला, तुंब्याची शिळा. काही ठशांत तर तुंबाही तसाच राहिला. माझं म्हणणं असं, की शिळेखालच्या नामाझुचं हे रूप पुराणातून आलं नाही. ते ओत्सुच्या बाजारातून आलं.

याला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणतो, मूळ प्राणी मासा नव्हेच, नाग. १६२४ च्या एका नकाशात जपानभोवती ड्रॅगन आहे. बौद्ध ग्रंथांतला आपला नाग चीनमध्ये ड्रॅगन झाला आणि जपानला पोचला, तेव्हा शेषाने फणा हलवला की धरणी हलते असं मानणाऱ्यांना हा नकाशा ओळखीचा वाटावा. बाजू भक्कम आहे, पण नागाचा मासा का झाला, हे तिला सांगता येत नाही.

दुसरा निसर्गाकडे बोट दाखवतो: भूकंपाआधी नामाझु बेचैन होतो, लोकांनी ते पाहिलं असणार. १९३० च्या दशकात जपानी संशोधकांनी याचे प्रयोगही केले. पण १८५५ च्या अशा बेचैन माशांच्या गोष्टी भूकंपानंतर लिहिल्या गेल्या. चित्रं पाहून आठवणी घडल्या नसतील कशावरून?

माझा हुकमाचा पत्ता आहे सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी. १५९२ च्या अखेरीच्या पत्रात तो फुशिमी किल्ल्याचं बांधकाम नामाझुची काळजी घेऊन करा, असं बजावतो. म्हणजे नकाशातल्या ड्रॅगनच्या ३२ वर्षं आधीच मासा हजर आहे! आणि हा हिदेयोशी एके काळी बिवाकाठच्या नागाहामाचा किल्लेदार. त्याच सरोवरात मीटरभराहून लांब नामाझु सापडतो आणि तिथल्या चिकुबु बेटाच्या आख्यायिकेत ड्रॅगन प्रचंड नामाझु होतो. नागाचा मासा बिवातच झाला, असं मी ठामपणे समजतो. (फुशिमीचा किल्ला १५९६ च्या भूकंपात कोसळलाच.)

एदोच्या चित्रकारांनी त्यात शहरी तिखटमीठ घातलं. भूकंप चांद्र दहाव्या महिन्यात झाला, तेव्हा एबिसु सोडून सगळे देव इझुमोच्या देवस्थानी गेलेले असतात, अशी समजूत आहे. म्हणून काही चित्रांत काशिमाच्या देवाच्या जागी पहाऱ्याला ठेवलेला एबिसु झोपी गेलेला दिसतो. सुतार-गवंड्यांना काम मिळालं, म्हणून ते माशाचे आभार मानतात. सावकार पैसे ओकतात. परवान्याशिवाय छापलेल्या या चित्रांवर सरकारने दोनेक महिन्यांत बंदी घातली. तोवर माशाचा चेहरा पक्का झाला होता. आज तोक्योत मोठ्या भूकंपानंतर सामान्य वाहनांना बंद होणाऱ्या रस्त्यांच्या फलकांवर नामाझुच आहे. नकाशातल्या ड्रॅगनला तिथे जागा मिळाली नाही.