नर्मदाकाठची गाणी, जीवनशाळेतील मुली आणि माहितीपट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' हा माहितीपट १९९५ साली पूर्ण झाला. सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्याचे दस्तऐवजीकरण म्हणून त्याची पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्यात ऐकू येणाऱ्या गाण्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. डोमखेडीतील होळीचे चित्रण हा या माहितीपटाचा बोलका भाग आहे. निवेदनाने जे सांगावे लागले असते, ते तेथे ढोल आणि सामूहिक नृत्यच सांगून जाते.

ज्या भूभागात हे चित्रण झाले, तो त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत होती. त्यांपैकी मणिबेली हे धरणाच्या सर्वांत जवळचे गाव, म्हणून संघर्षाची पहिली झळ त्यालाच लागली. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरे पाण्याखाली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अक्राणी परिसरातील चिंचखेडी येथे पोलीस गोळीबारात रेहमल पुण्या वसावे हा पंधरा वर्षांचा आदिवासी मुलगा मारला गेला. मुलांचे शिक्षण अशा काळात कसे चालावे, हा प्रश्न केवळ सोयीचा राहिला नव्हता.

सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांत ढोल, मांदल, बासरी ही वाद्ये प्रायः पुरुषांच्या हाती असतात. लग्नातील गाणी मात्र बायकांची. त्यांचा वर्ग भरत नाही की परीक्षा होत नाही. मुलगी बायकांच्या ओळीत उभी राहते, पुढची बाई म्हणते ते उचलते आणि काही वर्षांनी तीच पुढे होते. ही शिक्षणपद्धती लेखनावर नव्हे, तर एकत्र वस्तीवर उभी असते. गाव फुटले की ओळ फुटते, आणि विस्थापनाच्या नुकसानभरपाईच्या हिशेबात या गोष्टीला रकानाच नव्हता.

याच डोंगरात सामूहिक गायनाने समाज उभा केल्याचा एक जुना दाखलाही आहे. गुलाम महाराजांच्या १९३० च्या दशकातील आरती चळवळीत स्त्री-पुरुष एकत्र जमून आरती म्हणत आणि मद्यत्यागाची शपथ घेत. १९३८ साली त्यांचे निधन झाले, तरी चळवळ थांबली नाही. गाण्यासाठी जमलेला समुदाय सत्तेला का अस्वस्थ करतो, याचे उत्तर या इतिहासातही शोधता येईल.

नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू केल्या. त्या निवासी होत्या, शिक्षक बहुधा परिसरातलेच तरुण होते आणि प्रारंभीचे शिक्षण मुलांच्या बोलीत होई. 'लढाई-पढाई साथ साथ' ही घोषणा या शाळांची ओळख ठरली. येथे परंपरेची गाणी आणि आंदोलनाची गाणी एकाच अंगणात म्हटली गेली. वार्षिक बालमेळाव्यात गावोगावच्या मुली एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. घरात ओळीच्या मागे उभी राहणारी मुलगी येथे अनोळखी श्रोत्यांसमोर गाऊ लागली. हा बदल लहान नाही. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली असणार, कारण मंचावरचे गाणे लग्नातल्या गाण्याइतके लांब, सैल आणि खोडकर राहत नाही. जलाशय वाढत गेला तसतशा काही जीवनशाळा बुडाल्या आणि उंचावर पुन्हा उभ्या कराव्या लागल्या.

माहितीपट या घडामोडीचे एक टोक दाखवतो. गाणे ऐकू येते, परंतु ते कोणी कोणाकडून घेतले हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो या चित्रपटाचा विषयही नव्हे, म्हणून हा दोष दिग्दर्शकांचा मानता येत नाही. अडचण अभ्यासकाची आहे. संघर्षाच्या चित्रणावर विसंबून सांस्कृतिक इतिहास लिहू गेल्यास आंदोलनाचे गाणे तेवढे हाती लागते आणि लग्नाचे गाणे निसटते.

पुनर्वसनासाठी तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. काही कुटुंबे तेथे आली, काही गुजरातेतील वसाहतींत गेली, काही मूळ गावच्या उंच भागात टिकून राहिली. एका गावच्या बायका अशा दोन राज्यांत विखुरल्या. २०१९ साली जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. १९९०च्या दशकात चित्रित झालेला नदीकाठ आता केवळ पडद्यावरच दिसतो. जीवनशाळेत १९९२ च्या सुमारास सात-आठ वर्षांच्या असलेल्या मुली आज चाळिशीत आहेत. त्यांच्या आठवणीतील गाणी, गाणारीच्या मूळ गावाच्या नोंदीसह, ध्वनिमुद्रित करून ठेवण्यास जिल्ह्यातील महाविद्यालयांपेक्षा जवळचे कोणी नाही.